केमोच्या खुर्चीशेजारी एक टेबल हवे : कर्करुग्णांच्या मनासाठी तीन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय कर्करोग उपचार केंद्रांत सजगता आणि चित्रकला यांवर आधारलेल्या उपक्रमाला नियमित, प्रशिक्षित आणि सवेतन स्वरूपात स्थान देण्याबाबत.

महोदय,

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. एका अनुदानित माध्यमिक शाळेत २८ वर्षे शिकवले, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी मुले बसवली, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, २०१८ साली, माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया, २१ दिवसांच्या अंतराने आठ केमो आणि शेवटी रेडिएशन असे सगळे उपचार झाले. आज मी बरी आहे आणि त्याचे श्रेय डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि औषधांचे आहे, हे सर्वांत आधी नोंदवते. पुढचा मजकूर वाचून 'चित्रे काढल्याने कॅन्सर बरा होतो असे या बाईंचे म्हणणे दिसते' असा समज कोणाचाही होऊ नये. तसे माझे म्हणणे नाही. उलट, तसे सांगत रुग्णांच्या दारात येणाऱ्यांपासून त्यांना वाचवायचे असेल तर हे काम शासनाने स्वतःच्या हाती, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायला हवे, असे मला वाटते.

गेली पाच वर्षे मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी एका रुग्णालयाच्या डे-केअर विभागात रंग आणि कागद घेऊन बसते. हे काम मी एकटी, विनावेतन आणि खरे सांगायचे तर परवानगीच्या एका तोंडी होकारावर करत आले आहे. माझी मागणी माझ्यासाठी नाही. कर्करोगाच्या उपचारात रुग्णाच्या मनासाठी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेले माणूस असावे, आणि ते कोणाच्या सवडीवर किंवा दयेवर अवलंबून असू नये, एवढेच मला मागायचे आहे.

हे पत्र तीन विभागांना उद्देशून का, तेही सांगते. जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि चित्रकला शिकवणाऱ्या माणसांची जडणघडण करणारे कला संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. मी मांडते आहे ती गोष्ट या तिघांच्या मधल्या फटीत पडलेली आहे. प्रत्येकाला ती दुसऱ्याच्या अखत्यारीतली वाटते.

आता केमोच्या खुर्चीविषयी. बाहेरच्या माणसाला केमो म्हटले की केस जाणे आणि उलट्या आठवतात. ज्याने ती घेतली आहे त्याला आधी आठवतो तो वेळ. सकाळी सातला रक्त द्यायचे, काउंटचा अहवाल यायची वाट पाहायची, पेशी कमी असतील तर त्या दिवशी केमो मिळणार नाही म्हणून धास्तावायचे, आणि सगळे जुळून आले तर मग चार-पाच तास सलाईनच्या थेंबांकडे बघत बसायचे. माझ्या पहिल्या चार केमोत एक लाल औषध होते. परिचारिका ते मोठ्या सिरिंजने हळूहळू स्वतः देत असे आणि त्या वेळी वॉर्डातल्या सगळ्या बायका नजर दुसरीकडे वळवत. दुसऱ्या केमोच्या वेळी औषध नुसते दिसले तरी मला मळमळू लागले. हात लावायच्या आधीच. मन किती पुढे धावते ते मी त्या दिवशी पाहिले.

तिसऱ्या केमोला मी वही नेली. पण एक अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सुई टोचत नाहीत, म्हणून सलाईन उजव्या हाताला लागले. उभ्या आयुष्यात ज्या हाताने चित्र काढले तो हात पट्टीने जखडलेला, आणि मोकळा होता तो काखेतल्या गाठी काढल्यामुळे आखडलेला डावा. त्या हाताने मी समोरच्या खिडकीची चौकट काढायला घेतली. रेघ थरथरत होती, कोन जुळत नव्हता, सहावीतल्या मुलाने दाखवली असती तर मी पुन्हा काढायला लावली असती अशी ती चौकट होती. मात्र ती काढताना मला फक्त रेघ दिसत होती. पुढचा स्कॅन, मुलीचे लग्न, शाळेची रजा, यांतले काहीच त्या दहा-पंधरा मिनिटांत डोक्यात नव्हते. मान वर केली तेव्हा परिचारिका सिरिंज बाजूला ठेवत होती. लाल औषध संपले होते.

याला काय म्हणतात हे मला पुढे वाचनातून कळले. मराठीत आपण सजगता म्हणू. शहरांत 'माइंडफुलनेस' हा शब्दही आता रुळला आहे. जे आत्ता चालू आहे त्याकडे, त्याला चांगले-वाईट न म्हणता, लक्ष देत राहणे हा त्याचा गाभा. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे सुरू केली, आणि श्वासाकडे लक्ष देण्याची आनापानाची पद्धत आपल्याच शालेय शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रमा'तून शाळांत नेली. माझ्या शाळेतही मुले पहिल्या तासाआधी डोळे मिटून बसत. शाळेतल्या मुलासाठी जे शासनाला सुचले, ते केमोच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या आईसाठी सुचायला हरकत नसावी.

रुग्णालयाच्या चौकटीत ही पद्धत बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखला. बौद्ध ध्यानपरंपरा आणि हठयोग यांतून घेतलेल्या गोष्टी त्यांनी कोणत्याही धर्माची अट न ठेवता, ज्यांच्या दुखण्यावर औषधोपचाराची मात्रा पुरी पडत नव्हती अशा रुग्णांना शिकवल्या. कॅनडात कॅल्गरी येथे त्याच धर्तीवर कर्करुग्णांसाठी वर्ग चालवले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात ९० रुग्ण होते, आणि वर्ग केलेल्यांची अस्वस्थता व ताण प्रतीक्षा यादीतल्या रुग्णांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने एकात्मिक कर्करोगोपचाराच्या संघटनेबरोबर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत उपचार चालू असताना आणि संपल्यावरही, चिंता आणि नैराश्यासाठी सजगतेवर आधारलेले उपक्रम रुग्णांना द्यावेत अशी शिफारस आहे. हा कोणा हौशी मंडळाचा ठराव नव्हे. केमोच्या मात्रा ज्यांच्या शिफारशींवरून ठरतात त्यांच्या बरोबरीच्या माणसांचे हे मत आहे.

मात्र इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे उपचार संपल्यावर ओळखीच्या एका बाईंनी मोठ्या आपुलकीने मला त्यांच्या ध्यानाच्या वर्गाला नेले. डोळे मिटून, पायांच्या बोटांपासून सुरुवात करून, एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचे होते. घोटा, गुडघा, पोट इथवर मी गेले. 'आता लक्ष छातीकडे न्या' असे शब्द कानावर आले आणि मी उठून बाहेर आले. जिथे आता टाके आणि सपाट जागा होती, तिथे मला डोळे मिटून एकटीने जायचे नव्हते. शिकवणाऱ्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की स्तन काढलेल्या बाईला हे वाक्य कसे लागते. घशाला रेडिएशन घेणाऱ्याला 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटले तर त्याला आधी जाणवते ती जळजळ. दहा दिवसांचे मौनाचे शिबिर निरोगी माणसाला मानवेल. ज्याला दर दोन तासांनी काहीतरी पोटात घालायचे आहे आणि ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा आहे, त्याच्यासाठी ते नाही.

रंग आणि कागद इथे उपयोगी पडतात. लक्ष हवे, पण ते थेट जखमेवर नको. ते हाताच्या टोकाशी, खडूच्या घासण्याशी, रंगात रंग मिसळताना दिसणाऱ्या कडेशी असले तरी चालते. मन ठरले तर तिथून शरीराकडे जाते, नाहीतर तिथेच विसावते, आणि दोन्ही चालते. फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या डॅनियल मॉन्टी, कॅरोलिन पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या या दोन गोष्टी एकत्र गुंफल्या. वेगवेगळे कर्करोग झालेल्या १११ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या स्त्रियांना आठ आठवडे सजगता आणि चित्रकला यांचा एकत्रित वर्ग दिला, अर्ध्यांना प्रतीक्षा यादीत ठेवले. वर्ग केलेल्यांचा मानसिक त्रास कमी झाला आणि जगण्याची प्रत सुधारली. त्याच वर्षी शिकागोच्या एका रुग्णालयातला अभ्यास आला. दाखल असलेल्या ५० कर्करुग्णांना फक्त एक तास चित्रकलेचा दिला, तर मोजलेल्या नऊ लक्षणांपैकी आठ कमी झाली. कमी न झालेले नववे लक्षण मळमळीचे होते. मला तो अहवाल याच एका ओळीमुळे खरा वाटला. ज्याने केमो घेतली आहे त्याला ठाऊक असते की मळमळ कशालाच बधत नाही.

चित्रकलेच्या उपयोगाचा पुरावा सजगतेइतका भक्कम अजून झालेला नाही, हेही मी मान्य करते. बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतले फार थोडे आपल्या माणसांवर झाले आहेत. पण आपल्याकडच्या रुग्णांचे एक वैशिष्ट्य असे आहे की ज्यामुळे या कामाची गरज तिकडच्यापेक्षा इथे जास्त आहे, आणि त्याचा विचार वर सांगितलेल्या परदेशी अभ्यासांत सापडत नाही.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग फार आहे. जीभ, गाल, जबडा यांची शस्त्रक्रिया झालेला माणूस जेव्हा वॉर्डात असतो तेव्हा त्याच्या गळ्याला श्वासाची नळी असते, नाकात अन्नाची नळी असते, आणि त्याला बोलता येत नाही. समुपदेशन म्हणजे आपण बोलणे समजतो. ज्याची वाणीच गेली त्याचे समुपदेशन कसे करणार? त्याच्या उशाशी पाटी-पेन्सिल ठेवतात, पण ज्याची शाळा दुसरीत सुटली त्याच्या पाटीवर 'पाणी' आणि 'दुखते' याच्यापुढे काही उमटत नाही.

दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी मला अशाच एका वॉर्डात बोलावले. पंचावन्नच्या आसपासचे शेतकरी होते, जिभेचा मोठा भाग काढलेला. दहापैकी किती दुखते हा आकडा परिचारिका विचारी तेव्हा ते रोज तीन बोटे दाखवत. जास्त सांगितले तर घरी सोडणार नाहीत अशी त्यांची समजूत होती. मी कागदावर माणसाच्या शरीराची नुसती बाह्यरेषा काढून दिली आणि जिथे जे वाटते तिथे तो रंग लावा, एवढे सांगितले. त्यांनी डबा बराच वेळ चाळला. मग काळा खडू घेतला. मला वाटले तोंडाकडे जातील. त्यांनी तोंड कोरेच ठेवले आणि उजव्या कानावर खडू असा रगडला की त्याचा चुरा कागदावर पडला आणि कागद फाटायला आला. शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने तो कागद तसाच डॉक्टरांना दाखवला. जिभेच्या आणि घशाच्या दुखण्याची कळ कानात उमटते, हे डॉक्टरांनी मला त्या दिवशी समजावले. वेदनाशामक बदलले गेले. तीन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी स्वतःहून कागद मागितला आणि एक बैल काढला. त्यांची पत्नी बघताक्षणी म्हणाली, "अगं बया, हा तर आपला सर्जा, शिंग मोडल्याला." त्या नवरा-बायकोत त्या आठवड्यातले पहिले बोलणे त्या मोडक्या शिंगावरून झाले.

रंग कानावर लावला गेला नसता तर तीन बोटांची नोंद केस पेपरवर तशीच चालू राहिली असती. म्हणून मला हे काम करमणुकीच्या खात्यात टाकलेले मान्य होत नाही.

आपल्या बायका कागद पुढे केला की "मला नाही बाई चित्र येत" म्हणून हात मागे घेतात. मी आता 'चित्र' हा शब्दच वापरत नाही. ठिपके मांडा म्हणते. अकरा ते एक ठिपक्यांची रांगोळी तिथल्या साठ वर्षांच्या आजीलाही कोणी शिकवावी लागत नाही. ठिपके मोजताना आणि रेघ वळवताना तिचा श्वास आपोआप लांबतो. मग मी एवढेच सुचवते, की श्वास आत घेताना खडू थांबू द्या, बाहेर सोडताना रेघ ओढा. सजगतेचा पहिला धडा इथेच होतो, आणि त्यासाठी कोणालाही डोळे मिटायला सांगावे लागत नाही. डहाणू-जव्हारकडून आलेल्या एका मुलीने दोन त्रिकोणांतून वारली माणूस काढायला सुरुवात केली आणि तासाभरात तिच्या खुर्चीभोवती तिघी जमल्या. ही भाषा या लोकांची स्वतःची आहे. ती बाहेरून आणावी लागत नाही.

पण हे काम कोणीही उठून करावे असेही नाही, आणि इथे मी माझ्या चुका सांगते, म्हणजे त्या पुन्हा कोणाकडून होणार नाहीत. गोधडीच्या ठिगळांची कल्पना मला फार आवडली होती. मी सुया घेऊन गेले. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाला सुई टोचली तर रक्त लवकर थांबत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला साधी टोच लागली तरी संसर्ग होऊन हात सुजू शकतो, हे परिचारिकेने वेळीच सांगितले म्हणून निभावले. तेव्हापासून चिंध्या चिकटवतो, शिवत नाही. ओली माती आणि शाडू पेशी कमी असताना चालत नाही. टर्पेंटाइनच्या वासाने अर्धा वॉर्ड उलटी करील, म्हणून तैलरंग नाहीत. काही केमोंनी बोटांची टोके बधिर होतात, मग रांगोळीची चिमूट सुटत नाही आणि बारीक पेन्सिल धरवत नाही. अशांना जाड ऑइल पेस्टल द्यायचे. एकाने वापरलेला खडू पुसल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही. या साध्या गोष्टी आहेत, पण त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे कुठे थांबायचे. चित्र काढताना माणूस कधी कधी कोसळतो. एका तरुण आईने घराचे दार काढले आणि त्यापुढे ती तासभर रडत होती. तिसऱ्या दिवशी तिने जे लिहून दाखवले ते वाचून मी तडक मानसोपचारतज्ज्ञांकडे धावले. सुदैवाने ते त्या दिवशी रुग्णालयात होते. जिथे ते नसतात तिथे काय करायचे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कधी लावून द्यायचा, कोणते बोलणे स्वतःजवळ ठेवायचे आणि कोणते डॉक्टरांना सांगायचेच, याचे उत्तर एखाद्या चित्रकला शिक्षिकेला अंतःप्रेरणेने मिळत नाही.

एक तक्रारही नोंदवते. ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो. एका वर्षी आम्ही बसत होतो तिथे चित्रकला स्पर्धा ठेवण्यात आली. विषय दिला 'कर्करोगावर विजय'. फलक लागला, पाहुणे आले, पहिले तीन क्रमांक काढले, छायाचित्रे घेतली. ज्यांचा आजार हाडांत पसरला होता आणि ज्यांना ते माहीत होते, अशा दोघी त्या खोलीत होत्या. त्यांच्यापैकी एकीने चार महिन्यांत जवळजवळ रोज वहीत काहीतरी काढले होते. त्या दिवशी तिने वही पिशवीत घातली ती पुन्हा माझ्यासमोर उघडली नाही. आयोजकांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण जिंकणे-हरणे हा शब्द जिथे नको तिथेच तो आणला गेला, आणि 'सकारात्मक राहा' या उपदेशाचे ओझे आधीच वाकलेल्या माणसावर आणखी चढवले गेले. आजार वाढला तर आपले मन कमी पडले असे रुग्णाला वाटू लागते. याहून मोठा अन्याय नाही. म्हणून आपण जे काही आदेश काढाल त्यात स्पर्धा, प्रदर्शन आणि बक्षीस यांना मनाई असावी, आणि चित्र रुग्णाचे आहे, त्याच्या लेखी परवानगीशिवाय ते भिंतीवर लागणार नाही की मोबाइलमध्ये जाणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

आता प्रत्यक्ष मागणीकडे वळते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची, आणि त्यांतली २०० पहिल्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली आहे. हा निर्णय फार मोलाचा आहे. २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाच्या १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांचा अंदाज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवला. यांतल्या गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला केमोसाठी मुंबईत परळच्या पदपथावर झोपावे लागू नये, याहून चांगले काय असेल? पण या केंद्रांचे नकाशे जेव्हा मंजुरीला येतील तेव्हा त्यांत खुर्च्या, औषधांचे कपाट आणि परिचारिकेचे टेबल यांच्याबरोबर उजेडाच्या खिडकीपाशी आणखी एक टेबल आणि कुलपाचे एक कपाट दाखवलेले असावे. नंतर जागा मिळत नाही. पाहणीसाठी वरिष्ठ येणार म्हटले की आमचे टेबल जिन्याखाली ठेवले जाते, हा माझा पाच वर्षांचा अनुभव आहे.

त्या टेबलाशी माणूस कोण बसणार? महाराष्ट्रात आर्ट टीचर डिप्लोमा झालेले हजारो तरुण आहेत, आणि शाळांत कलाशिक्षकांची पदे भरली जात नाहीत म्हणून त्यांतले कितीतरी जण फ्लेक्सच्या दुकानांत बसलेले मी पाहते. त्यांत माझे विद्यार्थी आहेत. कला संचालनालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग यांनी मिळून एक अभ्यासक्रम आखावा. त्यात कर्करोगाच्या उपचारांची ओळख, संसर्गाची खबरदारी, सजगतेचा स्वतःचा सराव आणि देखरेखीखाली वॉर्डातले काही महिने असावेत. मी 'स्वतःचा सराव' मुद्दाम लिहिले. जो स्वतः पाच मिनिटे शांत बसू शकत नाही त्याने दुसऱ्याला बसवू नये. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कला आणि नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे हा व्यवसाय कायद्याला माहीत आहे, फक्त आपल्या आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या यादीला, तो माहीत नाही. प्रत्येक केंद्रात समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली असे एक पद असावे आणि त्याला पगार असावा. स्वयंसेवक आजारी पडतो, गावाला जातो, कंटाळतो. रुग्णाला मात्र मंगळवारी टेबल रिकामे दिसले की आपल्याला सोडून दिल्यासारखे वाटते.

खर्चाचा प्रश्न येईल. माझ्या नोंदवहीप्रमाणे गेल्या वर्षी ४० वह्या, २५ ऑइल पेस्टलचे डबे, ठिपक्यांचे कागद आणि हात पुसायचे कापड एवढे लागले, आणि ते माझ्या निवृत्तिवेतनात बसले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ज्या रुग्णाच्या केमोवर शासन लाखांत खर्च करते, तो रुग्ण भीतीने चौथ्या केमोला आलाच नाही तर आधीच्या तिन्हींचा उपयोग किती उरला, हा हिशेब आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगला मांडता येईल. परिणाम मोजायचे तर तेही अवघड नाही. शून्य ते दहा आकड्यांचा 'त्रासाचा तापमापक' जगभर वापरतात. चार किंवा त्याहून वरचा आकडा आला की त्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायचे. तापाच्या नोंदीशेजारी तो आकडा लिहायला परिचारिकेला अर्धे मिनिट लागेल. एकदम सगळीकडे नको. पाच-सहा केंद्रांत वर्षभर करून पाहा, आकडे जाहीर करा, उपयोग दिसला नाही तर बंद करा. मी त्यावर पुन्हा पत्र लिहिणार नाही.

नातेवाइकांना यातून वगळू नये, ही शेवटची विनंती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा रुग्णालयांच्या आवारात महिनोन्महिने राहणारी बायको, भाऊ, मुलगा यांची नोंद कोणत्याही केस पेपरवर होत नाही. माझ्या टेबलाशी कधी कधी रुग्ण झोपलेला असतो आणि त्याचा भाऊ रंगवत बसलेला असतो. तसे होऊ द्यावे. परिचारिकांनाही दिवसातून दहा मिनिटे त्या टेबलाशी बसता यावे. दिवसभरात तीस जणांना केमो लावणाऱ्या हातांना खडू धरायची गरज कमी नसते.

आपल्यापैकी कोणी, किंवा आपले अधिकारी, प्रत्यक्ष पाहू इच्छीत असतील तर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा ते दुपारी दीडपर्यंत मी तिथे असते. रुग्णालयाचा पत्ता मंत्रालयात दिलेल्या प्रतीत लिहिला आहे. फक्त सोबत छायाचित्रकार आणू नयेत, आणि आल्यावर उभे न राहता एखादी रिकामी खुर्ची ओढून बसावे, कागद पुढे केला तर घ्यावा. सध्या तिथे एक आजी ठिपक्यांची मोठी रांगोळी भरते आहे. तिच्या अजून दोन केमो बाकी आहेत आणि रांगोळीच्या उजवीकडचा कोपरा रंगवायचा राहिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका